चांदीची चुगली

दि. ४ मार्च

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. कारखान्याच्या आवारातल्या विहिरीचं जे पाणी मी बाटलीतून तुला पाठवलं, त्यात आमच्या मुलाम्याच्या टाकीतलं सायनाइड सापडलं, हे मी दोनदा वाचलं. उभा जन्म मी भांड्यांना चांदी चढवली. तू तुझ्या प्रयोगशाळेत काचेवर तिचे डोळ्यांना न दिसणारे कण बसवलेस आणि त्यांना बापाचीच चुगली करायला लावलीस! असो.

तू म्हणालीस तसं त्या विहिरीचं पाणी पिणाऱ्या शेजाऱ्यांच्या दारोदार जाऊन मी स्वतः सांगितलं. शाळेतल्या बाईंनी ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. पाणी सरकारी तपासणीला दिलंय, कारखान्याला कुलूप घातलंय. माझ्यामुळे कुणाच्या पोटात विष गेलं असेल, तर मी तोंड कुठे लपवू? आणि छोटीला सुट्टीत आजोबाकडे धाडशील ना, की आता तेही नाही?

तुझे,
बाबा

दि. १९ मार्च

ती. बाबांस साष्टांग नमस्कार वि. वि.

सरकारी अहवाल वाचला. विहीर स्वच्छ आहे. चूक माझी आहे, बाबा.

लेसरचा उजेड पडला की त्या चांदीला चिकटलेल्या एवढ्याशा विषाचीही खूण कितीतरी पटींनी मोठी दिसते, हे विद्यार्थ्यांना मीच शिकवते. आणि बाटली कुठली, एवढं विचारायची बुद्धी मला झाली नाही. काल तुमच्या त्याच बाटलीत शुद्ध पाणी भरून तपासलं. तीच खूण, तेवढीच ठळक. म्हणजे विष विहिरीत नव्हतं, बाटलीलाच चिकटलेलं होतं. बाटली कारखान्यातली होती ना?

शेजाऱ्यांची माफी मी मागते. तुमची कशी मागू, कळत नाही. कुलूप काढा. छोटी बॅग भरून बसलीय आणि रोज माझं डोकं खाते. राग विसरून माया ठेवा.

आपली,
खारूताई

दि. २७ मार्च

चि. खारूताईस आशीर्वाद.

जीव भांड्यात पडला. शाळेतल्या बाई आपणहून घरी येऊन गेल्या. माफीबिफी राहू दे. तुझ्यावर रागावून मी जाणार कुठे?

कुलूप मात्र काढलेलं नाही. बाटली कारखान्यातलीच होती. पण ती मी साबणाने चार वेळा घासली होती, कडक उन्हात वाळवली होती. माझ्या लेखी ती स्वच्छ होती. कामावरून आल्यावर हात मी दोनदाच धुतो, आणि त्याच हातांनी तुला लहानपणी भरवलं, गेल्या सुट्टीत छोटीलाही.

सोबत दुकानातून आणलेली नवी बाटली पाठवतोय. कुलूप तेवढ्यापुरतं एकदा उघडून नेहमीसारखं एक भांडं टाकीतून काढलं; मग दोनदा हात धुऊन झाल्यावर तिसऱ्यांदा धुतले, ते पाणी तिच्यात आहे. तुझ्या काचेवर तपास. उत्तर येईपर्यंत छोटीला धाडू नकोस.

तुझे,
बाबा