पंगतीच्या हॉलातली लाल नावं

८ एप्रिल २०२१, बुलढाणा

नोकरीचा पहिला दिवस. धाडहून जीपनं आले. एरवी चौदा माणसं कोंबणाऱ्या जीपमध्ये आम्ही तिघंच, त्यामुळे ड्रायव्हर रस्ताभर कोरोनाच्या नावानं बोटं मोडत होता आणि मी पाय पसरून ऐटीत बसले होते. बाबा फाट्यापर्यंत सोडायला आले. निवृत्त पोस्टमन आहेत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोकरीची पत्रं वाटली, म्हणून माझं नेमणुकीचं पत्र घेऊन परवा साऱ्या गल्लीत फिरले. मी रागावले त्यांना, पण मनातून आवडलंच.

कोविड हॉस्पिटल म्हणजे भाड्यानं घेतलेलं मंगल कार्यालय आहे. लग्न लागायच्या मोठ्या हॉलमध्ये ऑक्सिजनच्या पाइपाचे चोवीस बेड. मागचा पंगतीचा हॉल अजून बंद. माझी लॅब नवरीच्या खोलीत आहे, आरशाला कुणाकुणाच्या टिकल्या अजून चिकटलेल्या. माझ्या वरच्या टेक्निशियन सुहासिनीताई. मला आई नाही हे कळल्याबरोबर त्यांनी अर्धा डबा माझ्यापुढे सरकवला. समता, तू माझी धाकटी बहीण, म्हणाल्या. मला इथे चांगलं वाटणार आहे.

११ एप्रिल

इथले मुख्य डॉक्टर आल्हाद सर. त्यांनी आज मला त्यांचा तक्ता समजावला. भरती होणाऱ्या प्रत्येकाच्या रक्तात चार गोष्टी बघायच्या: सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन, एलडीएच. चारींचे मिळून दहा गुण. बेरीज सातच्या वर गेली की नावापुढे लाल खूण. म्हणजे हा माणूस चार-पाच दिवसांत कोसळणार, मग आज तो चालत येऊन चहा का मागेना. मी विचारलं, लाल खुणेचं पुढे काय करायचं? सर म्हणाले, त्याच्याकडे डॉक्टरांनी सगळ्यात आधी बघायचं. इतकी शहाणी गोष्ट मी कॉलेजात कधी ऐकली नव्हती. महिनाअखेर सर हा अभ्यास एका परिषदेत पाठवणार, आणि आभाराच्या यादीत माझंही नाव असणार. बाबांना फोन केला तर म्हणाले, "सरायले माझा जयभीम सांग."

१४ एप्रिल

जयंतीला पहिल्यांदाच घरी नाही. मिरवणूक यंदाही नाही. बाबांनी फोटोपुढे मेणबत्ती लावून मला व्हिडिओ कॉलवर हात जोडायला लावले. ताईंनी कालच्या पाडव्याची पुरणपोळी आणली होती, ती आरशासमोर बसून दोघींनी खाल्ली.

बेड भरले. पंगतीचा हॉल उघडला आणि लाल खुणेची माणसं तिकडे हलवली. सर म्हणाले, त्यांच्यासाठी वेगळी सोय आहे, लॅबवाल्यांनी तिकडे जायचं काम नाही.

१७ एप्रिल

धामणगाव बढेच्या बाजूच्या पेशंटचं रक्त त्यांच्याआधी येतं. सकाळी जीपमधून नळ्या येतात, आम्ही खूण करतो, दुपारपर्यंत माणूस येतो आणि खुणेप्रमाणे त्याची जागा ठरलेली असते. आज तिकडच्या अन्नपूर्णाबाई आल्या. साठीच्या, चालत उतरल्या, दारातून माझं मशीन बघून गेल्या, पिशवीत स्वतःची पितळी लोटी. गुण आठ. लाल.

त्यांची सून रेवती स्वतः पॉझिटिव्ह म्हणून गावीच अडकलेली. तिचा लॅबमध्ये फोन आला. जळगावला एक बेड मिळून राह्यला, संध्याकाळपर्यंतच आहे, सासूला तिकडे नेऊ का म्हणून विचारत होती. मी तिला लाल खुणेचा अर्थ सांगितला. तुमच्या सासूबाईंकडे इथे डॉक्टर सगळ्यात आधी बघतील, हलवू नका, असं म्हणाले. ती रडली. म्हणाली, "ताई, तुमच्या भरवशावर ठेवून राह्यली मी." मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

१९ एप्रिल

आज ताई सुट्टीवर, म्हणून नळ्या मशीनमध्ये मी फिरवल्या. एरवी फिरवायचं काम त्यांचं आणि आकडे उतरवायचं माझं. रक्त फिरवलं की वर पिवळं पाणी राहतं. बुलढाण्याच्या नळ्यांत ते पिवळंच होतं. धामणगावच्या सहाही नळ्यांत गुलाबी.

हे पहिल्या वर्षाला शिकवतात. रक्त हिंदकळलं की तांबड्या पेशी फुटतात आणि एलडीएच खोटं खोटं वाढतं. या नळ्या घाटातून खड्डे खात येतात. म्हणजे तिकडच्या माणसांना ती लाल खूण आजारानं नाही, जीपनं दिली. अन्नपूर्णाबाईंनाही. आणि ताईंनी हा रंग रोज पाहिला असणार.

२० एप्रिल

सरांना म्हटलं, धामणगावच्या सगळ्यांचं रक्त इथे पुन्हा काढू द्या. त्यांनी शांतपणे ऐकलं. आपला अंदाज चौऱ्याण्णव टक्के खरा ठरतोय, म्हणाले. नळ्या खराब असत्या तर ठरला असता का? मी मान डोलावून बाहेर आले. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

मग तशीच मागे गेले. पंगतीच्या हॉलला बाहेरून कडी. दारापाशी पुष्पांजली सिस्टर बसली होती. तिनं सांगितलं, आत ऑक्सिजनचा पाइपच नाही. दोन सिलिंडर होते, तेही पुढे नेले. डॉक्टर येत नाहीत. "जाणारच हायेत त्याइच्यावर ऑक्सिजन काऊन घालवायचा, असं सर म्हणतात."

अंदाज म्हणूनच खरा ठरतो. माझ्या आकड्यांवर हे चाललंय, आणि मला सांगितलं होतं की आधी बघतात.

ताईंना विचारलं तेव्हा त्या डबा उघडत होत्या. जेव गुपचूप, म्हणाल्या. मी जेवले नाही.

२२ एप्रिल

सरांनी तक्त्याचा शेवटचा रकाना माझ्याकडून भरून घेतला. निकाल: बरा किंवा मृत्यू. ते सांगत गेले, मी टाइप करत गेले. अन्नपूर्णाबाई, मृत्यू.

हात थांबला माझा. त्यांनी पुढचं नाव घेतलं.

रेवतीचा फोन आला. खोटं कसं बोलणार? सांगितलं. देह नगरपालिकेची गाडी नेते, कुणाला देत नाहीत, हेही सांगितलं. तिच्या मागे कोंबडी ओरडत होती तेवढं ऐकू आलं. जळगावच्या बेडचा विषय तिनं काढला नाही. काढायला हवा होता.

राजीनामा लिहिलाय. उद्या बाबांकडे जाते.

२३ एप्रिल

जाता आलं नाही. अंगात ताप. पॉझिटिव्ह. ताईंनी माझं रक्त काढलं. मी म्हटलं, लगेच फिरवा, आणि पाण्याचा रंग मला दाखवा. त्या हो म्हणाल्या. नळी खिडकीतल्या उन्हात ठेवून फोन घ्यायला गेल्या. तासभर आल्या नाहीत. उन्हानंही पेशी फुटतात.

२४ एप्रिल

गुण आठ.

मी नळी मागितली. टाकून दिली म्हणतात. पुन्हा काढा म्हटलं. ताई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सरायनं मले विचारलं, ही पोरगी बाहेर जाऊन बोलंल काय. मी काय सांगू? मले घर नाही काय?" माझा मोबाईल त्यांनी आधीच घेतला होता. नियम आहे म्हणे.

ताई, तुमच्या डब्यातलं खाल्लंय मी.

२५ एप्रिल

पंगतीचा हॉल. वही कुडत्याच्या खिशात राहिली, कुणी बघितलं नाही. कडी बाहेरून. दिवसातून एकदा दार उघडतं, खिचडी आत सरकवतात. सतरा खाटा. खोकला. श्वास घेताना छाती

शेजारच्या खाटेवरून कुणीतरी पाणी दिलं. पितळी लोटी.

अन्नपूर्णाबाई.

जिवंत. उठून बसतात. ताप नाही, धाप नाही. आठ दिवसांत आपोआप बऱ्या झाल्यात आणि कुणी बघायलाच आलं नाही—

२६ एप्रिल

खाटांवर नावं लावलीत. एकेक वाचलं. यातल्या अकरा जणांपुढे मी स्वतः मृत्यू लिहिलंय. सगळे श्वास घेतायत. महिनाअखेर अभ्यास पाठवायचा म्हणून— आधीच भरून—

बाईंनी मला ओळखलं. मशीनवालीच न तू? म्हणाल्या, "मही सून काऊन येऊन नाही राह्यली? तिले सांग न, मी बरी हाय."

तिच्या घरी आज सुतकाचा पाचवा दिवस. मी सांगितलेल्या मरणाचा.

मी म्हटलं, येईल. आणखी काय म्हणू. त्या माझं डोकं दाबत बसल्या. नको म्हटलं तरी.

२७

बोलवत नाही. लिहिते. बाईंनी दार खूप वाजवलं. कुणी नाही.

माझं नावही तक्त्यात असणार. शेवटचा रकाना कोण भरतंय आता— ताई—

दुपार

खिडकी उंच. बाहेर फाटकाशी बोलणं चाललंय. ताईंचा आवाज. हळू, समजावणीचा. गाडीनं नेलं, देह देत नाहीत, असं

आणि दुसरा आवाज. ओळखीचा. एकच विचारतोय, पुन्हा पुन्हा. "कवा गेली? माझी समता कवा गेली?"

बाबा

बाई खाटेवर चढून ओरडतायत, हाय, पोरगी हाय इथं— त्यांचा आवाज खोकल्यात— सगळे खोकतायत, काही ऐकू

बाबा, जाऊ नका. ती खोटं

मी इथे आहे, भिंतीच्या ह्या बाजूला, मी