फ्रिजचा चार्ज

प्रिय स्नेहल,

हे पत्र नवनाथरावांच्या नावाने टाकतेय, म्हणजे ते तरी तुझ्या हातात देतील. माझा फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचून तसेच सोडतेस. असू दे. छकुलीचे फोटो मात्र मला येतात, आणि ते पाठवायला नवनाथरावांना तूच सांगत असणार, एवढं मला कळतं. तिचा डावा कान अगदी तुझ्यासारखा, वरून दुमडलेला. पाच महिन्यांची झाली पोर आणि मी अजून तिला मांडीवर घेतलेलं नाही. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, दुसरं सासरीच बरं, असं शेजारीपाजारी सांगून मी वेळ मारून नेली. खरं कारण काय ते त्यांनाही माहीत आहे, पण तोंडावर कोणी बोलत नाही.

इकडे उन्हाने जीव नकोसा केलाय. लाइट जाते ती नेमकी भर दुपारी, आणि लाइट गेली की माझं डोकं आधी दवाखान्याकडे पळतं. लसींचा फ्रिज दोन ते आठ अंशांत राहिला पाहिजे, बाहेर काहीही होवो. गेल्या आठवड्यात लसींचा साठा घेऊन येणारी गाडी द्वारका चौकात अडकून पडली. इथे बायका लेकरं मांडीवर घेऊन ओट्यावर बसलेल्या, त्यातल्या निम्म्या कामाचा खाडा करून आलेल्या. पेठ तालुक्यातून द्राक्षबागांवर कामाला आलेली एक बाई होती. तिला पुढच्या बुधवारी ये म्हणणं म्हणजे येऊच नको म्हणणं. मग दुसऱ्या केंद्रांना फोन लाव, कुणाकडे पेंटा लसीच्या बाटल्या जास्त आहेत ते विचार, शिपाई यादवला गाडीवर पिटाळ, असा दिवस गेला. बुद्धभूषण म्हणून नवा फार्मासिस्ट आलाय. हुशार आहे, पण भारी उतावळा. बर्फाचे पॅक बाहेर काढून त्यांना घाम सुटेपर्यंत थांबायचं असतं, त्याला तेवढा धीर नाही. गोठलेल्या पॅकला टेकून बाटली ठेवली की लस गोठते, आणि गोठलेली लस टोचली काय, न टोचली काय, सारखंच. मी त्याच्यावर खेकसते आणि तो हसतो. तू शाळेत असताना म्हणायचीस, आई आमच्यापेक्षा त्या फ्रिजच्या कपाळाला जास्त हात लावून बघते. तेव्हा मीही हसायचे.

आता जे लिहायला बसले तेच लिहिते. ओजसला दीड महिन्याचा डोस आपल्या दवाखान्यात दिला. बाटली मीच फ्रिजमधून काढली, मीच सिस्टरच्या हातात दिली. त्याच बाटलीतून आणखी पोरांना दिला. संध्याकाळी त्याला किंचित कणकण होती, तू त्याला पाजलंस, तो झोपला. पहाटे तू हाक मारलीस ती हाक अजून माझ्या कानातून जात नाही. हॉस्पिटलात डॉक्टरांनी मान हलवली आणि तू त्याला मांडीवर घेऊन बाकावर बसलीस. आणि मी उठून गेले.

तुझं म्हणणं मला नवनाथरावांकडून कळलं. माझं मूल गेलं आणि आई नोकरी वाचवायला फ्रिजकडे पळाली, असं तू म्हणालीस. ते ऐकून मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. त्या बॅचच्या बाटल्या त्याच सकाळी तीन वस्त्यांवर जाणार होत्या. लसींचे डबे यादव भरतो आणि पोचवतो. त्याला फोन लावत होते, तो गाडीवर होता, उचलत नव्हता. लसीने झालं की कशाने, कोणाला काय ठाऊक होतं? माझ्या डोळ्यांसमोर ओजस होता आणि त्याच्या मागे ती सगळी पोरं दिसत होती. रिक्षा करून दवाखाना गाठला. यादव डबे गाडीवर बांधत होता, मी ते उतरवून घेतले, बाटल्या वेगळ्या केल्या, वर चिठ्ठी लावली आणि फ्रिजला पाठ टेकून जमिनीवर बसून रडले. परत आले तोवर त्याला तुझ्या मांडीवरून घेतलं होतं. तुझ्याजवळ तेव्हा विहीणबाई होत्या, मी नव्हते.

तिसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलेलं असताना मी पुन्हा बाहेर पडले, तेही तुला लागलं. मी कुठे गेले ते तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. ज्या पोरांना त्या बाटलीतून डोस दिला होता त्यांच्या घरी गेले, एकेकाच्या. सगळी खेळत होती. एका घरी चांगुणा नावाच्या बाईने चहा टाकला, म्हणाली, ताई, तुम्ही किती काळजी घेता हो आमच्या पोरांची. तिचं बाळ माझ्या बोटाला धरून बसलं होतं. मी कुणाची आजी आहे हे मला तिला सांगवलं नाही. चहा तसाच ठेवून निघाले.

नंतर चौकशीला कमिटी आली, बाटल्या सील करून नेल्या, तपासल्या. ओजसच्या हृदयातच जन्मापासून दोष होता, लसीचा संबंध नाही, असा त्यांचा निकाल. तुला वाटतं खात्याच्या माणसांनी खात्यातल्याच माणसाला, म्हणजे मला, वाचवलं. माझा त्या निकालावर विश्वास आहे. तरी भाजी निवडताना मध्येच हात थांबतो आणि मी ती बाटली पुन्हा डोळ्यांसमोर धरून बघते. तिच्यात काही दिसत नाही.

तुमच्याकडच्या आशा कार्यकर्त्या भागुबाई यांनी मला फोन केला होता. म्हणाल्या, पोरगी लय गोड हाय, पण तुमची लेक डोसाचं नाव काढलं की दार लावून घेते, एक डोस झाला नाय. मालेगावकडून या महिन्यात डांग्या खोकल्याची दोन लेकरं इकडे हलवली. त्यातलं एक छकुलीएवढं होतं. खोकून खोकून निळं पडायचं. ते राहिलं नाही. तुला भीती घालायला लिहीत नाही गं, पण हे तुझ्यापासून लपवून मी जेवू कशी?

तू मला विचारशील, पुन्हा तशी वेळ आली तर काय करशील? मी स्वतःला खूपदा विचारलं. फ्रिज माझ्या ताब्यात असेल तर मी पुन्हा उठून पळेन. तुझ्यासाठीसुद्धा मला त्यात बदल करता येणार नाही. म्हणून मी चार्ज सोडला. सोमवारी बुद्धभूषणच्या हवाली केला, मोठ्या डॉक्टरांनी पुष्कळ समजावलं, तरी सही करून मोकळी झाले. येत्या मंगळवारच्या पहिल्या एसटीने चांदवडला येतेय. छकुलीला तुमच्या तिथल्या दवाखान्यात नेऊ, तिथल्या साठ्याला माझा हात लागलेला नाही. तिला तूच धर. मला घरात घ्यायचं नसेल तर मी ओट्यावर बसेन. तिला ताप येईल, कदाचित रात्रभर कण्हेल. काहीही झालं तरी मी तिथून हलणार नाही, स्नेहल. बाकीच्या पोरांकडे आता दुसरं कोणीतरी धावेल.

तुझीच,
आई