चित्राखालची ओळ

१५ जानेवारी, सकाळी
संक्रांत झाली, लाडू संपले, आता कामाला लागायचं. रूपा, म्हणजे आमच्या सुदर्शनची थोरली, जुन्या व्यंगचित्रांचा इतिहास लिहिते आहे. पुस्तक होणार आहे, पब्लिशर पुण्याचा. त्यात एक आख्खा चॅप्टर आपल्या शहरातल्या ‘कानपिळी’ साप्ताहिकावर. आणि कानपिळीची चित्रं आता जगात कुणाकडंच नायत, फक्त माझ्याकडं. छापखाना कधीच बंद पडला, गठ्ठे रद्दीत गेले. मी मात्र चित्रं कापून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर खळीनं चिकटवून ठेवली. थोडी कसरीनं खाल्ली. कसरीलाबी चांगलं काय ते कळतं.
म्हणजे निम्मं पुस्तक माझंच झालं. ही डायरी सुदर्शनच्या बियाण्याच्या दुकानात फुकट आली होती. हिच्यात कामाचं लिहायचं, कुणाला दाखवायचं नाय.
ठराव: रोज पहाटे उठून दोन पानं.

१६ जानेवारी, दुपारी
पहाटे थंडी होती.

१९ जानेवारी
रूपानं ट्रंक उघडून चित्रं पाहिली. आधी नाचली, मग चित्रांच्या कडा चाचपायला लागली. म्हणली, आजी, चित्राखालच्या ओळी कुठं आहेत? म्हणलं, कापल्या. म्हणली, आणि तारखा? म्हणलं, त्याबी. चित्र चौकोनी दिसायला नको का? खाली ती मुंग्यांची रांग कशाला? तिसरी शिकलेली बाई मी, तवा जोडाक्षर आलं की मी तिथंच थांबायची, ते पुढं रूपाच्या पाटीवर शिकले. आमचे हे वाचून दाखवायचे, मला पाठ व्हायचं. पाठ झाल्यावर ओळ काय कामाची?
पोरीनं डोकं धरलं. म्हणलं, डोकं सोड, पेन धर. सगळ्या ओळी माझ्या तोंडात आहेत.
तारखांचंबी सांगून टाकलं. कॅलेंडर उलटं कर, मागं साल छापलंय. ती म्हणली, पण चिकटवताना तू नवं कॅलेंडर थोडंच घेतलं असशील? व्हय, नवं कोण घेतंय. कधी मागच्या सालचं, कधी त्याच्याबी मागचं. इतिहासात तेवढं मागंपुढं चालतं.

२२ जानेवारी
पब्लिशरकडच्या पद्मजाताईंचा फोन होता. रूपानं स्पीकर चालू ठेवला म्हणून ऐकू आलं, मी मुद्दाम कान दिला नव्हता. त्या म्हणत होत्या, एडिटिंग म्हणजे मुख्य काम कात्री चालवायचं. मग मी तर लग्न झाल्यापासून एडिटर आहे की! उगाच एवढी वर्षं स्वतःला घरकाम करणारी समजत बसले.
रूपाला सांगितलं, कव्हरवर असं टाक: संपादक, कौतिकाबाई रामकिसन शेजूळ. ती म्हणली, बघू आजी. बघू म्हणजे होच.

२५ जानेवारी
ओळी सांगायला बसले. रूपा लॅपटॉपवर.
आमचे हे एसटीच्या स्टोअरमध्ये होते. माणूस बोलायला लई कमी. काही विचारा, हूं. पोरगा झाला, हूं. घर बांधलं, हूं. पण शनिवारी कानपिळी आली की मी भाकरी थापत असताना समोर पाटावर बसायचे आणि वाचून दाखवायचे. आवाज असा, जसं नटबोल्टांचा स्टॉक मोजून दाखवतायत. मी मात्र हसून हसून काथवटीत तोंड घालायची. त्यांना वाचायला जरा वेळ लागायचा, आधी चित्राकडं बघत बसायचे. डोळे अधू. मी मागं लागून चष्मा करायला लावला. डॉक्टर म्हणला नंबरच नाय. म्हणलं, तरी करा. बिचारे वापरायचे.
आता चित्र बघा. जाडा माणूस आडवा पडलेला, डॉक्टर पोट दाबतोय. ओळ अशी: डॉक्टर, हळू दाबा, आत बायकोच्या कानातलं फूल आहे. आणि नवल म्हणजे त्याच आठवड्यात माझं फूल पिठात पडून हरवलेलं! दुसरं चित्र, एकजण नळाखाली आ वासून पडलेला. ओळ: वरणात मीठ दोनदा पडल्यावर माणूस तरी काय करणार? तेबी तवा माझ्या हातून झालेलं. मी ह्यांना विचारायची, अहो, ह्या पेपरवाल्याला आपल्या घरातलं कसं हो कळतं? तर, हूं. मी म्हणायची, जरा त्या पेपरवाल्यासारखं बोला की कधी. तर तेच, हूं.
शेवटचं माझं लाडकं. आपल्या मुकुंदवाडीसारखं बारकं स्टेशन, बाकावर एकटाच माणूस, रुळाकडं बघतोय. मी परतूरला माहेरी चार दिवसांचं सांगून गेले होते आणि आई सोडंना म्हणून लई दिवस राहिले. परत आले तर ह्यांनी हा अंक ठेवलेला. ओळ: आज येते म्हणली होती. गाडी आली. ती आली नाय. गाडीच खोटी असंल.
रूपाला सांगितलं, लिही, मोठ्या कलावंताला सगळ्यांच्या घरातलं दिसतं. तिनं लिहिलं. हा आमच्या चॅप्टरचा मुख्य मुद्दा.

२ फेब्रुवारी, सकाळी
आज गारखेड्याला हेमचंद्ररावांची मुलाखत. कानपिळीची सगळी चित्रं त्यांनीच काढलेली. आता नव्वदीला टेकलेत. रूपानं बजावलंय, आजी, आपण कमी बोलायचं.
ठराव: प्रश्न लहान, कान मोठे. शेंगदाण्याचे लाडू नेते. माणूस खाल्ल्याशिवाय खुलत नाय.

संध्याकाळी
मुलाखत एक नंबर. हेमचंद्रराव नुसते मान डोलवत होते. निघताना त्यांची सूनबाई म्हणली, बाबांनी एवढा वेळ कुणाचं ऐकून घेतलेलं मी पाहिलं नाही.

३ फेब्रुवारी
रूपानं रेकॉर्डिंग ऐकलं. म्हणते, सगळीकडं तूच आहेस. माझी बाळंतपणं, परतूरचा बाजार, आमच्या सुनेच्या, सुरेखाच्या, माहेरचं लोणचं. हेमचंद्र सर दोनदाच बोलले. एकदा म्हणले, हो का. एकदा म्हणले, लाडू कडक आहे.
दोष मोबाईलचा. त्याचं तोंड माझ्याकडं होतं.
रूपा पुन्हा एकटी जाऊन आली. सर म्हणले, मी फक्त चित्रं काढायचो, खालच्या ओळी आमचे संपादक लिहायचे, ते वारले, मला एकही आठवत नाही. बघा! म्हणजे ओळींची जगात एकच मालकीण. सुरेखाला सांगितलं, आता मला भाजी निवडायला बोलवू नको, इतिहास चालू आहे. ती म्हणली, बरं आत्याबाई, इतिहासातून हात मोकळा झाला की मेथी तेवढी बघा.
बघितली.

१६ फेब्रुवारी
गंगापूरला जाऊन आलो. तिथले नानासाहेब, रिटायर मास्तर, त्यांच्या माळ्यावर कानपिळीचा गठ्ठा निघाला म्हणून फोन आला होता. जीपमधी अशी गर्दी की माझ्या पायाशी कुणाचंतरी करडू. नानासाहेबांच्या शेतात हुरडा खाल्ला. लई गोड. वर लसणाची चटणी. दहीबी चांगलं होतं.
टाळत नाय, लिहिते.
चित्रं तीच आहेत. ओळी त्या नायत.
पोट दाबणाऱ्या डॉक्टरखाली छापलंय: साखरेचा काळाबाजार, निदान कोण करणार? नळाखाली छापलंय: पाणीयोजना, आणखी एक आश्वासन. आणि माझ्या स्टेशनखाली: रुंदीकरण केव्हा? रूपानं समजावलं, तेव्हा रूळ अरुंद होते, लोक रुंद रुळांसाठी मागणी करत होते. असतील. पण ह्याला कोण हसंल?
मी नानासाहेबांना सांगितलं, ही तालुक्याची आवृत्ती असंल, शहरात वेगळी यायची. ते म्हणले, ताई, मी तेव्हा शहरातच शिकायला होतो, तिथूनच घ्यायचो. म्हणलं, मग दुसऱ्या चौकातून घेत असाल.

१७ फेब्रुवारी
छापणाऱ्याची चूक.

१८ फेब्रुवारी
रूपा म्हणते, प्रत्येक अंकात? व्हय, प्रत्येक अंकात. पूर्वीची माणसं चुकाबी मन लावून करायची.

२० फेब्रुवारी
सुरेखा भाकऱ्या थापत होती. थापता थापता म्हणली, आत्याबाई, एक विचारू का? तुमचं फूल पिठात पडलं, ते घरात कुणाकुणाला माहीत होतं? म्हणलं, कुणालाच नाय, सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं असतं. मला आणि ह्यांना, बस.
तिनं भाकरी उलटली.
सुदर्शन जेवत होता. त्याचा घास हातातच. बापाला तो दादाच म्हणायचा. म्हणला, दादा? आणि विनोद करणार? आई, दादा माझ्या लग्नाच्या फोटोतसुद्धा हसले नायत. फोटोवाल्यानं हात जोडले होते त्यांच्यापुढं.
तव्यावरची भाकरी टम्म फुगली. सगळे तिच्याकडंच बघत बसलो.

२१ फेब्रुवारी
आज काही लिहायचं नाय.

२२ फेब्रुवारी
म्हणजे डोळे अधू नव्हते. चित्राकडं बघत बसायचे ते ओळ जुळवत असायचे. आणि मी धडधाकट डोळ्यांच्या माणसाला चष्मा लावला! त्यांनीबी तो शेवटपर्यंत घातला, पुसून पुसून घातला, पण एका शब्दानं खरं सांगितलं नाय.
आणि मी त्यांनाच म्हणायची, जरा त्या पेपरवाल्यासारखं बोला.
सकाळी देवापुढं बसले आणि हसू फुटलं ते थांबंना. सुरेखा पाणी घेऊन पळत आली. तिला वाटलं रडते आहे. थोडी रडतबी होते, पण ते हसण्याच्या आड.

१ मार्च
नवा ठराव. पुस्तकात ह्यांच्याच ओळी छापायच्या. संपादकाचा निर्णय आहे.
रूपानं पद्मजाताईंना फोन लावून दिला. मी सगळं सांगितलं, चष्म्यासकट. त्या म्हणल्या, आजी, फार सुंदर आहे हे. पण इतिहासात जे छापलं होतं तेच छापावं लागतं. म्हणलं, आवो ताई, छापलेलं आठवतंय कुणाला? चित्र काढणाऱ्यालाबी नाय. आमच्या ह्यांच्या ओळी मला आजबी पाठ आहेत. मग इतिहास कुठला धरायचा? त्या म्हणल्या, विचार करते.
विचार करते म्हणजे होच.

९ एप्रिल
पद्मजाताई नाय म्हणल्या. कव्हरवर माझं नाव नाय, एडिटर त्या स्वतःच आहेत. ओळी गंगापूरच्या गठ्ठ्यातल्याच जाणार.
ठराव: रागवायचं नाय. वयाला शोभंल असं मोठेपणानं घ्यायचं.

१० एप्रिल
रूपाशी बोलणं बंद.

११ एप्रिल
बोलले. तिनं पन्ह्यात वेलची किती घालू विचारलं. त्याला उत्तर द्यावंच लागतं, नायतर पोरगी मूठभर टाकते.
मग मांडीवर डोकं ठेवून म्हणली, आजी, मलाबी आजोबांच्याच ओळी आवडतात. पण त्या छापल्या तर कानपिळी काय होती ते कुणालाच कळणार नाही. म्हणलं, कळलं गं. कळलं नव्हतं. पण तिचं तोंड एवढंसं झालं होतं.
मेथी निवडली. कुणी सांगितलं नव्हतं.

३० ऑगस्ट
पुस्तकाचं एडिटिंग लांबूनच चालू ठेवलंय. रूपा चॅप्टर वाचून दाखवते, मी म्हणते, लांबलंय. ती म्हणते, कुठं? मी म्हणते, सगळीकडं. पद्मजाताईंनाबी तेच वाटत असणार, पण त्या पगारी, त्यांना हळू बोलावं लागतं.

८ नोव्हेंबर, दुपारी
पुस्तक आलं! गुळगुळीत कागद, वास असा की पोळीबरोबर खावा. रूपा मला प्रत देऊन एक हेमचंद्ररावांना द्यायला गारखेड्याला गेली. मला म्हणली, आजी, निवांत बघ, सगळी पानं बघ.
मी चित्रंच बघितली. अक्षरं पुढच्या आठवड्यात. शेवटचं चित्र माझं स्टेशन, आख्ख्या पानावर. तो बाकावरचा माणूस आता मला जरा ह्यांच्यासारखाच दिसला, नुसता चष्मा कमी. आणि त्याच्या पायाशी, पार तळाला: रुंदीकरण केव्हा?
घरात कुणी नव्हतं. मी कात्री घेतली.
ओळ कापली, एकदम सरळ. हात अजून चांगला आहे. मग वर आभाळाच्या कोऱ्या जागेत पेनानं ह्यांची ओळ लिहिली. आज येते म्हणली होती. गाडी आली. ती आली नाय. गाडीच खोटी असंल. जोडाक्षर एकच, म्ह. गुळगुळीत कागदावर तेबी जमलं. तेवढ्यात बाहेर घंटागाडी वाजली, कांद्याच्या टरफलांबरोबर रुंदीकरणबी तिच्यात टाकून दिलं. लई हलकं वाटलं.

संध्याकाळी
रूपा आली ती दारातूनच, आजी, पाहिलंस का तुझं नाव? म्हणलं, कुठं? म्हणली, आभाराच्या पानावर, सगळ्यात शेवटी, मी मुद्दाम शेवटचा मान तुला दिला. आभाराचं पान कुठलं? तर स्टेशनच्या पाठीमागचं.
पान उलटलं. वरून डॉक्टर, प्राध्यापक, नानासाहेब, सगळे नीट बसलेले. मग लिहिलंय, आणि ज्यांच्या कात्रणांमुळे हे पुस्तक उभे राहिले, त्या. त्याच्याखाली पुस्तकच नाय.
माझं नाव सगळ्या प्रतींत आहे. फक्त माझ्या प्रतीतलं गाडीत बसून गेलं.
रूपानं स्टेशनवर लिहिलेली ओळ वाचली, दोनदा वाचली, मग नाक ओढत म्हणली, थांब, तुला दुसरी प्रत देते.
म्हणलं, दे. पण कात्री एवढ्यात आत ठेवू नको. तिच्यातबी खाली रुंदीकरण असणारच.