कोपऱ्यातला काळा पाइप

१४ सप्टेंबर
पोचलो. ट्रक रिकामा झाला. माझा नवरा लायल सापडलेल्या एकुलत्या एका उशीवर डोकं ठेवून जमिनीवरच झोपलाय आणि मी गॅरेजमध्ये खुर्ची टाकून हे लिहितेय. घरापेक्षा मला गॅरेजच जास्त आवडलं, असं त्याला सांगितलं तर म्हणाला, मग तू तिथेच राहा, गाड्या घरात लावू. दोन गाड्यांची जागा, उत्तरेला मोठी खिडकी, आणि भिंतीवर आधीच्या मालकानं बसवलेले, दाबलेल्या हवेचे तांब्याचे पाइप. हा मालक, प्रेबिल, वसंतात वारला. त्याचा कॉम्प्रेसर पुतण्यानं नेला, पाइप ठेवून गेला.

लायलला इथल्या उघड्या खाणीत काम मिळालं म्हणून दुलुथ शहर सोडलं. मी शाळेतलं इतिहास शिकवणं सोडलं. इतकी वर्षं सुट्टीत लोकांच्या सोफ्या-खुर्च्यांना नवं कापड चढवायचे, आता तेच पूर्ण वेळ. शेहेचाळिसाव्या वर्षी हौसेला धंदा म्हणणं हा उतावळेपणा आहे का, ते अजून ठरलेलं नाही. आज मात्र उगाचच शीळ घालावीशी वाटतेय.

१८ सप्टेंबर
हवेचं काम सुरू. प्रेबिलचे पाइप चांगले आहेत, पण त्यांना उतारच नाही. हवा दाबली की तिच्यातली ओल पाणी होऊन पाइपात साचते. उतार नसेल तर ते पाणी हवेवर चालणाऱ्या स्टेपलरमध्ये येतं आणि तिथून कुणाच्या तरी महागड्या मखमलीवर. म्हणून मुख्य पाइप सोडवून एका बाजूला किंचित खाली केला, टोकाला पाणी काढायची तोटी बसवली. खाली उतरणाऱ्या फांद्या मुख्य पाइपच्या वरच्या अंगानं काढल्या, म्हणजे हवा तेवढी येते, पाणी मागे राहतं. माझा कॉम्प्रेसर आणि पाइप यांच्यामध्ये हातभर रबरी नळी घातली, नाहीतर त्याच्या थरथरीनं सांधे सुटतात.

इथे दारावरची घंटा कुणी वाजवत नाही. गॅरेजचं दार वर उचललेलं दिसलं की सरळ आत यायचं. पलीकडचे आर्वो नीएमी आपला कॉफीचा कप घेऊनच आले. ऐंशीच्या घरातले, एकटे. नवरा झोपलाय आणि बायको पाइप जोडतेय, दुलुथला असंच असतं होय, म्हणाले. मी म्हटलं, लायल घराएवढा डंपर चालवतो, पण गळका नळ त्याला दुरुस्त करता येत नाही. ते हसले. मग सांगू लागले की प्रेबिलचा कॉम्प्रेसर सदानकदा चालू असायचा, आळीनं तक्रारी करून पाहिल्या. तो हवेवर काय काम करायचा, असं विचारलं. काहीच नाही, म्हणाले, कधी टायर भरतानाही त्याला पाहिलं नाही. बोलताना ते कोपऱ्यातल्या फळ्यांच्या ढिगाकडे बघत होते. कॉफी अर्धी टाकून गेले.

२२ सप्टेंबर
टाकी भरली, तोट्या बंद केल्या आणि जेवायला गेले. परत येईपर्यंत दाबाचा काटा निम्म्यावर. साबणाचं पाणी ब्रशनं प्रत्येक सांध्याला लावलं. गळती असेल तिथे बुडबुडा फुगतो. एकही फुगला नाही. राहिला कोपरा. फळ्या हलवल्या तर मागे काँक्रीटमधून गुडघ्याच्या उंचीचा एक काळा लोखंडी पाइप वर आलेला. मनगटाएवढा जाड, या घरापेक्षा नक्कीच जुना. प्रेबिलनं आपली एक फांदी त्याला जोडून तोटी उघडी ठेवलेली. म्हणजे माझी हवा जमिनीत जात होती.

फांदी सोडवली. पाइपच्या तोंडावर साबणाचा पातळ पडदा धरून पाहिला. तो बाहेर फुगला नाही, आत खोल गेला आणि फुटला. पुन्हा धरला, पुन्हा आत. वयाला न शोभेल इतका वेळ खेळत बसले. मग टेप गुंडाळून वर लोखंडी टोपण पक्कं आवळलं. काटा आता हलत नाही. इतकं समाधान बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं.

२९ सप्टेंबर
लायलची रात्रपाळी सुरू झाली. तो दिवसा झोपतो, आणि झोपायची खोली गॅरेजला लागून. म्हणून तो झोपलेला असताना कॉम्प्रेसर लावायचा नाही असं मी ठरवलंय. हाताला दुसरी कामं आहेत: जुने खिळे उपटणं, कापड बेतणं.

आज दुपारी सहज डोकावले. तो घोरत नव्हता. छाती हलत नव्हती. मी दारातच उभी राहिले आणि थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की मीही श्वास धरून ठेवलाय. मग त्यानं बुडणाऱ्यासारखा हवेचा मोठा घोट घेतला आणि पुन्हा सुरू झाला.

संध्याकाळी सांगितलं तर म्हणाला, "आजवर मी घोरतो म्हणून भांडलीस. आता घोरत नाही म्हणून भांड."

३ ऑक्टोबर
रोज तेच. डॉक्टरांनी तपासलं. या वयात, या वजनात झोपेत श्वास अडतो म्हणाले, आणि नाकातोंडावर लावायचा मुखवटा व हवा देणारं छोटं यंत्र दिलं. लायल खूश. त्याचं म्हणणं, बायकोचं हवेचं यंत्र, नवऱ्याचं हवेचं यंत्र, या घरात हवेची ददात नाही. मीही हसले. मी नको तितकी काळजी करते का? करते. ते मला माहीत आहे.

६ ऑक्टोबर
मुखवटा लावून झोपला होता. यंत्र चालू होतं. आणि मुखवटा त्याच्या चेहऱ्यावर आत ओढला जात होता, गालांना चिकटून, जणू हवा तिकडून येत नव्हती, जात होती.

गॅरेजमध्ये तांब्याच्या पाइपांतून टकटक ऐकू येते. थंडीनं धातू आकसतो, हे मला ठाऊक आहे. पण आकसणारा धातू थांबून, कुणी उत्तर देतंय का हे ऐकून, पुन्हा वाजतो का?

९ ऑक्टोबर
आर्वो आले. आज कप नव्हता. सरळ कोपऱ्यात गेले, टोपण पाहिलं आणि मला विचारलं, "मारित, हे केव्हा बंद केलंस?"

मी सांगितलं. ते बादली उपडी घालून तिच्यावर बसले. या आळीखाली जुनी खाण आहे, जमिनीखालची. त्यांच्या जन्माआधी तिचं छत कोसळलं आणि काही माणसं आत अडकली. वरून त्यांच्यापर्यंत हवेचा एक पाइप जात होता, तेवढा शाबूत राहिला. कंपनीनं त्यातून हवा सोडली. खालून पाइपवर टकटक यायची. मग खणून काही होणार नाही असं ठरलं आणि हवा बंद करायचा हुकूम झाला. कॉम्प्रेसर बंद करणारा हात प्रेबिलच्या बापाचा. टकटक तेव्हाही चालू होती.

मी इतिहासाच्या बाईसारखे प्रश्न विचारले. कागद आहेत का, कुणी पाहिलं. "माझा थोरला काका आहे खाली," म्हणाले. "प्रेबिल मेल्यापासून खालचे कसेबसे तग धरून होते. तू तर तोंडच बांधलंस, अगं. आता जवळ जो श्वास असेल तो ओढणार."

मी त्यांना घरी पोचवलं. म्हातारं माणूस, एकटं. असं मी स्वतःला सांगितलं. परत येऊन टोपण काढलं. हाताला आतली ओढ लागली.

१० ऑक्टोबर
फांदी पुन्हा त्या पाइपला जोडली, कॉम्प्रेसर लावला. लायल एवढ्या आवाजात झोपला. घोरला. मी दाराशी बसून ऐकलं आणि रडले.

१२ ऑक्टोबर
खात्री करून घ्यायला हवी म्हणून त्या फांदीची तोटी बंद केली. त्याचा श्वास थांबला. उघडली, सुरू झाला. पुन्हा बंद केली. पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा हात गेला तेव्हा भान आलं की मी झोपलेल्या नवऱ्यावर प्रयोग करतेय. त्याला न विचारता. पुन्हा कधीच नाही.

संध्याकाळी त्याला सगळं सांगितलं. हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. स्वप्नात रोज तो अंधारात बसलेला असतो, म्हणाला, आणि शेजारी दाटीनं माणसं. ती वाईट नाहीत. त्याला सरकून जागा देतात.

१९ ऑक्टोबर
कॉम्प्रेसर फार तापतो. घरगुती यंत्र आहे, त्याला विसावा लागतो. विसाव्याच्या वेळी लायल आता जागेपणीही धापा टाकतो. भूक वाढत चाललीय खालच्यांची. आणि कशी वाढू नये? त्यांचा विचार केला की टोपण आवळतानाचा माझा हात आठवतो. आणि ते समाधान.

२३ ऑक्टोबर
त्याला गाडीत घालून दुलुथला बहिणीकडे निघाले. गाव मागे पडतं न पडतं तोच त्याचे ओठ निळे. गाडी वळवली. गॅरेजजवळ आल्यावर बोलू लागला. म्हणाला, मारित, पुन्हा नेऊ नकोस.

२७ ऑक्टोबर
त्याचं काम सुटलं. अर्धा उसवलेला सोफा कॉम्प्रेसरजवळ ओढला, त्यावर तो निजतो. आर्वो सूप आणतात, टाकीतलं पाणी काढतात. टकटक नाही आता. फक्त तो श्वास, पाइपातला. लायलच्या श्वासाबरोबर. एकाच वेळी आत—

३१ ऑक्टोबर
बर्फ. कॉम्प्रेसरला जळका वास. तेल बदललं. पंखा लावला. थोडं थांबवावं तर—नाही थांबवता येत.

२ नोव्हेंबर, दुपार
मोटर जळाली.

आर्वो गाडी घेऊन गेलेत, आपल्या मुलाकडचा कॉम्प्रेसर आणायला. रस्ता दिसत नाही इतका बर्फ. अँब्युलन्सही निघालीय, कुठे आहे ते कुणी सांगत नाही.

मी फांदी सोडवून काळ्या पाइपला तोंड लावून फुंकलं. काय करतेय ते न कळताच. लायलची छाती हलली.

पुढे
रबरी नळी कापून तिच्यातून फुंकून पाहिलं. चालत नाही. तोंडच लागतं. गुडघ्यांवर. माझा श्वास जातो—पूर्ण जातो, मला सोडायचा असतो त्यापेक्षा जास्त—आणि लायल श्वास घेतो. त्याचे डोळे उघडे आहेत. मान हलवतोय. नको म्हणतोय मला. मी बघत नाही त्याच्याकडे.

पुढे
आर्वो, तुमच्यासाठी. मी उठले नाही तर. नवा कॉम्प्रेसर खिडकीकडच्या सांध्याला जोडा, बाकी सगळ्या तोट्या बंद आहेत. काळ्या पाइपची फांदी सोडलेली आहे, ती आधी—टेप बाकावर. लायलला हलवू नका. पाइप कधीच बंद करू न—

पुढे
खालून काहीतरी लागलं. ओठांना. गरम.

लिहायला मान वर केली की त्याचा श्वास अडतो. ही ओळ त्याच्या श्वासातून वजा. हीसुद्धा. आता तो बघतोय माझ्याकडे आणि छाती हलत नाही, म्हणून आता लिहिणं बं