छप्पन सालचा कुठला तरी दिवस

१ जून
आज ह्यांचा कागदावरचा वाढदिवस. ह्यांचा, शेजारच्या पठाणभाईंचा आणि गारखेड्यातल्या आमच्या कॉलनीतल्या निम्म्या पेन्शनरांचा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सगळ्यांना एकच तारीख वाटली, शाळा सुरू होताना वय बसलं म्हणजे झालं. एकच केक, सगळ्यांचे हात सुरीवर. पठाणभाई ह्यांना म्हणाले, "मास्तर, आपने भी तो कितनों को एक जून को पैदा किया होगा." हे हसले. हे खेळाचे मास्तर, पण प्रवेशाच्या टेबलावर ह्यांनाच बसवायचे. तेव्हा खोटं नाही.

विहाराजवळच्या फळ्यावर रोज दिनविशेष लिहायचं काम ह्यांनी रिटायर झाल्यापासून अंगावर घेतलंय. आज लिहिलं: पुणे-नगर पहिली लाल बस धावली. दख्खनची राणी सुटली. एका विकेटकीपरचा जन्म. स्वतःचं नाव नाही. म्हणाले, माझा खरा ऑक्टोबरात, माहितीये ना तुला. माहिती कशी नसेल, लग्न झाल्यापासून ऐकतेय. चौदा ऑक्टोबर छप्पन, नागपूरच्या दीक्षेच्या दिवशी जन्म. जगात दुसरं काही मिरवलं नाही ह्या माणसानं, एवढं एकच.

२१ सप्टें.
विहाराच्या कमिटीतले दोघं आले होते. चौदाला कार्यक्रम आहे, त्यात ह्यांचा सत्कार करायचा म्हणतात. दीक्षेच्या दिवशी जन्मलेला आपल्या कॉलनीत दुसरा कोण आहे? शाल, फुलं, दोन शब्द. हे लाजले, पण खूश. ते गेल्यावर माझ्या तोंडून निघून गेलं, चौदाच नक्की ना? सासूबाई "नागपूरच्या वेळचा" एवढंच म्हणायच्या, त्यांना तारखा कुठं ठाऊक.
जेवण अर्धं टाकून उठले. जीभ माझी.

२३ सप्टें.
अबोला. फळा मात्र चुकला नाही.
संध्याकाळी आपणहून म्हणाले, आक्काला विचारतो. आक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण, खुलताबादला असते. तेव्हा दहा-अकराची असेल. त्या वेळचं आता तेवढंच माणूस उरलंय, आणि तिचंही हल्ली आज आठवतं, उद्या नाही.

२८ सप्टें.
खुलताबादला जाऊन आलो. आक्का ओसरीत उन्हाला बसली होती. मला ओळखलं नाही, ह्यांना लगेच. हे शाळेतल्या पोरासारखे समोर बसले नि विचारलं. आक्का म्हणाली,
"दसऱ्याला तू नव्हता झाला रं. दसऱ्याला आई माझ्यासंगं भुईमूग उपटीत व्हती, पोट हे एवढं. बाप नागपूरला. तिथून तसाच चांद्याला गेला. तू झाला तवा बी तो घरी नाय. दुसऱ्या दिवशी आला, पांढरी कापडं मातीनं भरलेली. तुला घेतलं न् लई रडला. म्हणला, ह्याचं नाव मी ठेवणार, आनंद."
छप्पनचा दसरा म्हणजे चौदाच. मीच विचारलं, मग दसऱ्यानंतर किती दिवसांनी? म्हणाली, पुनवेच्या आत, बाकी काय ध्यानात नाय.
येताना बसमध्ये हे खिडकीकडं तोंड करून. मी हिशेब घातला. चांद्याचा, म्हणजे चंद्रपूरचा, दीक्षेचा कार्यक्रम सोळाचा, आणि सासरे तिथून परतले त्याच्या आदल्या दिवशी जन्म. मग सोळा, सतरा, फार तर अठरा. ह्यांना नाही बोलले.

१२ ऑक्टो.
कमिटीला अजून सांगितलेलं नाही. शाल आणून झालीय म्हणे. मला वाटतं, राहू दे ना, दोन दिवस इकडं तिकडं, कोणाचं काय बिघडतंय? तसं म्हटलंसुद्धा. तर म्हणाले, "फळ्यावर मी रोज बरोबर तारीख लिहितो. स्वतःची चुकीची लिहू?"


१४ ऑक्टो.
फळा: धम्मदीक्षा, नागपूर. आवाजापेक्षा वेगानं पहिलं विमान उडालं. वर्ल्डकपच्या फायनलला सत्त्याण्णव करणाऱ्या डावऱ्या ओपनरचा जन्म.
कार्यक्रमात नाव पुकारलं. हे उठले, जयभीम केला आणि म्हणाले, मी आजचा नाही, बहिणीनं सांगितलं. आज माझे वडील नागपुरात होते, शाल त्यांची. खाली बसले. मग मागून पठाणभाईंनी टाळी सुरू केली. मला रडू आवरेना, पदर तोंडाला लावून बसले.
एवढ्या वर्षांत ह्या माणसाचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. लिहून ठेवते, सांगायची नाही मी.

१६ ऑक्टो.
खीर केली, साखर बेतानं. हे म्हणाले, आज काय? म्हटलं, आज असू शकतो तुमचा. फळ्यावर आज त्र्याऐंशीचा कप उचलणाऱ्या कॅप्टनची पहिली कसोटी होती. जोडी वाईट नाही म्हणाले. वाटी चाटूनपुसून खाल्ली.

१७ ऑक्टो.
परत खीर. आज एका डावात दहाच्या दहा विकेटा घेणाऱ्या बोलरचा जन्म, त्यामुळं सतराच असावा असं ह्यांचं मत पडायला लागलंय. बोलर जास्त आवडतो, दुसरं काय. म्हटलं, उद्याची खीर चुकवायची नाही, मग ठरवा.
खाता खाता थांबले. म्हणाले, "आणि तुझा गं?"
म्हटलं, दहा जून. म्हणाले, तो कागदावरचा. खरा?
मला सांगताच येईना. कोणी विचारलंच नव्हतं. आईनं नाही सांगितला, मीही नाही विचारला. ती गेली, भाऊ गेले. म्हटलं, माझ्याकडं आक्का नाही कोणी. खा, गार होतेय.

१९ ऑक्टो.
काल खिरीचं नावही काढलं नाही ह्यांनी. आज सकाळी फळा लिहून आले ते फोन घेऊनच बसले. फर्दापूरला, माझ्या माहेरी, चुलतभावाला. आमच्या हिच्या आईच्या वेळचं कोणी आहे का गावात? मी आतून ओरडले, राहू द्या हो, ह्या वयात काय करायचंय. फोनवर हात ठेवून म्हणाले, "तू गप बस जरा."
एक म्हातारी आहे म्हणे, आमच्या आईच्या शेजारची. ऐकू कमी येतं, पण बोलते. दिवाळी झाली की जाऊ म्हणतात.
दिवाळीपर्यंत कशाला थांबायचं, असं माझ्याच मनात आलं. ह्यांच्यासमोर बोलले नाही. म्हातारीची तब्येत कशी आहे, तेवढं भावाला हळूच विचारून घेतलं.