वॉरंट तळमजल्याचं, झडती वरची

तीर्थरूप मामांना संतापलेल्या भाच्याचा नमस्कार. (संताप तुमच्यावर नाही, बसून वाचा.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला थांबला का? आम्ही दोघं ठीक आहोत. म्हणजे मी तुरुंगात नाही आणि बायको माझ्याशी बोलते आहे.

निकाल लागला, मी सुटलो. पण कसा सुटलो ते ऐकाल तर तुमचंही डोकं फिरेल. चौघांनी त्या मोठ्या घड्याळांच्या दुकानावर दरोडा घातला, मालकाला खुर्चीला बांधून माल नेला. यावर पोलिसांची अक्कल काय चालावी? घड्याळं गेली ना, मग घड्याळं दुरुस्त करणारा धरा! (उद्या कुणाचे चष्मे गेले तर डोळ्यांच्या डॉक्टरला उचलतील.) सकाळी सातला आले. पिठाचा डबा पालथा केला, गाद्या उसवल्या आणि दुरुस्तीच्या घड्याळांच्या माझ्या पत्र्याच्या डब्यातून एक हिरव्या तबकडीचं घड्याळ काढलं. मागे त्या दुकानाचा नंबर! मामा, डब्यातलं प्रत्येक घड्याळ मला त्याच्या आजारासकट पाठ असतं. हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. डबा त्या जाड्या हवालदाराच्या हातात होता, तेव्हा घड्याळ त्यानेच टाकलं, हे शेंबडं पोरही सांगेल.

कोर्टात हेच ठणकावून सांगायचं म्हणून मी भाषण पाठ केलं होतं. आमच्या वकीलबाई म्हणाल्या, "तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही." त्यांनी हवालदाराला फक्त वॉरंट वाचायला लावलं. 'तळमजला, मागची खोली.'

"आणि तुम्ही झडती कुठे घेतलीत?"

"पहिल्या मजल्यावर."

"का?"

"खाली कुलूप होतं."

(खाली कुलूप होतं म्हणून वर! म्हणजे मीही कुलूप लावून बसलो असतो तर हे गच्चीवर गेले असते.) जजसाहेबांनी सांगितलं, वॉरंट तळमजल्याचं, तेव्हा वर सापडलेलं काहीही पुरावा म्हणून चालणार नाही. दुसरा पुरावा नव्हताच. खटला संपला. मी उभा राहून ओरडलो, "अहो, पण ते घड्याळ माझ्या डब्यात कुणी ठेवलं, ते तरी विचारा!" वकीलबाईंनी माझा शर्ट इतक्या जोरात ओढला की बटण तुटलं. जजसाहेब शांतपणे म्हणाले, "कुठलं घड्याळ?"

आता गल्लीत जो तो म्हणतो, "वकील चांगली मिळाली हं तुम्हाला!" मी निर्दोष आहे असं एकजण म्हणेल तर शपथ! तीस वर्षं इथे बसून लोकांची घड्याळं चालवली, आणि आता गिऱ्हाईक घड्याळ देताना माझ्याकडून सही घेतं. सही! माझ्याकडून!

तुमचा,
भाचा

ता. क. पाकीट बंद करण्याआधी पत्र हिला वाचून दाखवलं. (खटला चालू असताना घरात त्या घड्याळाचा विषय काढायला मीच बंदी केली होती.) 'हिरव्या तबकडी'शी येताच हिने इस्त्री बाजूला ठेवली. म्हणाली, "ते मामांचं. राहायला आले तेव्हा पट्टा सैल आहे म्हणून देऊन गेले. मीच डब्यात टाकलं, तुम्हाला सांगायचं राहिलं."

दुसरा ता. क. मामा, ते तुम्ही कुठून घेतलंत हे पत्रात लिहू नका, स्वतः या. पण त्याआधी एक करा. त्या हवालदाराविरुद्ध मी परवाच चार पानी तक्रार देऊन बसलो आहे. ती पुढच्या सोमवारी मागे घ्यायला जायचंय, आणि फॉर्मवर 'कारण' असा रकाना आहे. तुम्ही हेडमास्तर होतात, तुमची भाषा चांगली; तिथे काय लिहू, तेवढं तातडीने फोनवर सांगा.