कूर्ग की नीलगिरी

बडोदे, वैशाख वद्य तृतीया

एका चुकीच्या पुड्याची खरी किंमत: अर्धे जेवण, दुपारची झोप आणि दांडिया बाजारातून सुभेसाहेबांच्या घरापर्यंत उन्हातली धाव.

सकाळीच दुकानात साहेबांना ऐकवले होते, "कॉफी कुठल्या डोंगरातली, ते मी एका घोटात सांगतो. कूर्गची भरदार, नीलगिरीची आंबटसर." कशाला बोललो? जेवताना आमचा दुकानातला गडी मगनभाई सांगत आला, "नानाशेठ, भूल थई गई. साहेबांच्या पुड्यात कूर्गच्या जागी नीलगिरी बांधली." साहेबांनी ओळखले, तर सगळ्या कचेरीचे गिऱ्हाईक तुटणार.

पोचलो तर आधण चढले होते. माजघरातून काही घासल्याचा आवाज येत होता. मी कान दिला. वहिनीसाहेब सहाणेवर जायफळ उगाळत होत्या, आणि बराच वेळ उगाळत होत्या. माझा जीव भांड्यात पडला.

साहेब घोट घेऊन म्हणाले, "वा नाना, कूर्ग ती कूर्गच. वास बघा." मी मान डोलावली. उद्या खरी कूर्ग गुपचूप पोचवीन. तीही जायफळातच बुडणार म्हणा.

मलाही पेलाभर मिळाली. नीलगिरी आहे हे ठाऊक असूनही मला जायफळाखेरीज काही लागले नाही.